फेटाळलेल्या अर्जांचं कपाट

गेल्या वर्षी माझे बरेचसे शनिवार पुण्यातल्या एका छोट्या संस्थेच्या ऑफिसात गेले. कोठडीत मारहाण झालेल्यांची, जमिनीवरून हुसकावलेल्यांची प्रकरणं ही संस्था हाताळते. दोन खोल्या, तीन कपाटं आणि वीसेक वर्षांचे कागद. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे काम ठरलेलं होतं : कागद स्कॅन करायचे आणि प्रत्येकाची नोंद एक्सेलमध्ये करायची. त्यात ‘स्थिती’ नावाचा एक कॉलम होता. मंजूर, प्रलंबित, फेटाळला.

दोनेकशे नोंदी झाल्यावर फिल्टर लावून पाहिलं, तर ‘फेटाळला’च जास्त. मी तिथल्या ताईंना म्हटलं, “ताई, हे फेटाळलेले सध्या बाजूला ठेवू या का? निम्मं काम वाचेल.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “नको. तेच आधी कर.”

का, ते त्यांनी सांगितलं नाही. तेवढ्यात कुणीतरी भेटायला आलं आणि विषय तिथंच राहिला. मला उत्तर मिळालं ते बऱ्याच दिवसांनी, चिलीबद्दल वाचताना.

कॅथेड्रलशेजारचं ऑफिस

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्करानं साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि जनरल ऑगस्तो पिनोशे सत्तेवर आला. पहिल्या दिवसापासून धरपकड सुरू झाली. माणसं घरातून, कारखान्यातून, रस्त्यावरून उचलली जात. घरचे चौकशीला गेले की उत्तर मिळे, असा कुणी आमच्याकडे नाही.

महिन्याभरात कॅथलिक, लुथरन, ज्यू अशा वेगवेगळ्या धर्मसंस्थांनी मिळून एक मदत समिती काढली. पिनोशेनं दबाव आणून १९७५च्या अखेरीस ती बंद करायला लावली. मग सान्तियागोचे कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेस यांनी वेगळी वाट काढली. १ जानेवारी १९७६पासून त्यांनी तेच काम थेट आपल्या धर्मप्रांताचा एक विभाग म्हणून सुरू केलं. नाव ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’, म्हणजे एकजुटीसाठी चर्चनं उघडलेलं कार्यालय. समिती बरखास्त करता येते. कॅथलिक देशात चर्चचा विभाग बंद करणं हुकूमशहालाही जड जातं. ऑफिस शहराच्या मुख्य चौकात, कॅथेड्रलला लागूनच होतं.

कामाची पद्धत अगदी सरकारी कचेरीसारखी. एखादी बाई येई. नवऱ्याला परवा रात्री नेलं म्हणे. समाजसेविका लिहून घेई : नाव, ओळखपत्राचा क्रमांक, तारीख, वेळ, किती जण आले, गाडी कोणती, शेजाऱ्यांपैकी कुणी पाहिलं. त्याचं शपथपत्र होई. वकील त्यावरून न्यायालयात अर्ज करी. आपल्याकडे ज्याला हेबियस कॉर्पस म्हणतात तसाच : माणूस ताब्यात असेल तर न्यायालयापुढे हजर करा. न्यायालय गृहखात्याला विचारी, गृहखातं कळवी की अशी कुणालाही अटक झालेली नाही, आणि अर्ज फेटाळला जाई. मूळ अर्ज, सरकारी उत्तर आणि निकाल या सगळ्याच्या प्रती फायलीत लागत.

१९७३ ते १९८३ या दहा वर्षांत आधीच्या समितीनं आणि विकारियानं मिळून असे सुमारे ५,४०० अर्ज केले. न्यायालयांनी मान्य केले फक्त १०.

हा आकडा वाचून मी थांबलो. माझ्या कंपनीत एखाद्या सिस्टीमची यशस्विता ०.२ टक्के निघाली असती, तर ती दुसऱ्या दिवशी बंद झाली असती. तरीही हे वकील रोज सकाळी येऊन पुढचा अर्ज टाईप करत राहिले.

फेटाळलेला अर्ज काय सांगतो

१९७५मध्ये चिलीच्या प्रतिनिधीनं संयुक्त राष्ट्रांत सांगितलं होतं, की बेपत्ता म्हणून सांगितल्या जाणाऱ्यांपैकी अनेकांना कायदेशीर अस्तित्वच नाही. म्हणजे ही माणसं मुळात कधी नव्हतीच. पण विकारियाच्या कपाटात त्यांचे क्रमांक, तारखा, आयांच्या सह्या होत्या.

नोव्हेंबर १९७८मध्ये चर्चला खबर मिळाली, की सान्तियागोजवळच्या लोन्केन गावातल्या जुन्या चुनाभट्ट्यांमध्ये मृतदेह आहेत. चर्चचे लोक आणि वकील तिथं गेले. १५ जणांचे अवशेष निघाले. ऑक्टोबर १९७३मध्ये उचलून नेलेले शेतकरी आणि शेतमजूर होते ते. ‘नसलेली’ माणसं सापडली होती.

त्याच वर्षी पिनोशेनं एक माफीचा वटहुकूम काढला होता. ११ सप्टेंबर १९७३ ते १० मार्च १९७८ या काळातल्या गुन्ह्यांना त्यात माफी होती. लोकशाही आल्यावरही तो कायदा उभाच राहिला. मग वकिलांनी आणि काही न्यायाधीशांनी एक मुद्दा लावून धरला. माणसाला नेल्याचा पुरावा आहे. सोडल्याचा नाही आणि मृतदेहही नाही, तर त्याचं अपहरण अजून चालूच आहे. चालू असलेला गुन्हा १९७८मध्ये संपणाऱ्या माफीत कसा बसेल? २००४मध्ये चिलीच्या सर्वोच्च न्यायालयानं मिगेल आन्हेल सान्दोवाल या बेपत्ता तरुणाच्या खटल्यात हा मुद्दा मान्य केला आणि गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्यांच्या शिक्षा कायम केल्या.

आता तो फेटाळलेला अर्ज आठवा. ‘नेल्याचा पुरावा’ म्हणजे हेच. अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक घरातून. घटना घडल्यावर लगेच लिहिलेलं, न्यायालयात दाखल केलेलं. सोबत हेही, की न्यायालयाला सांगितलं होतं आणि त्यानं ऐकलं नाही. १९९०मध्ये लोकशाही सरकारनं नेमलेल्या रेत्तिग आयोगाला अवघ्या नऊ महिन्यांत अहवाल देता आला, तो बऱ्याच अंशी या फायलींच्या आधारावर. त्या अहवालात २,२७९ बळींची नोंद आहे.

नोंद ठेवणारा माणूस

विकारियाच्या दस्तऐवज विभागाचे प्रमुख होते होसे मान्युएल पारादा, व्यवसायानं समाजशास्त्रज्ञ. त्यांचे सासरे फर्नांदो ओर्तिस १९७६पासून बेपत्ता होते. पारादांच्या विभागाचं काम जुळणीचं. वेगवेगळ्या साक्षींत तोच अधिकारी येतो का, तीच गुप्त कोठडी येते का, हे शोधायचं. आम्ही दोन टेबलं एका क्वेरीत जोडतो. ते हेच कागदावर करत होते.

२९ मार्च १९८५च्या सकाळी पारादा आणि शिक्षक मान्युएल गेर्रेरो यांना एका शाळेच्या दारातून उचलण्यात आलं. चित्रकार सान्तियागो नात्तिनो यांना आदल्या दिवशीच नेलं होतं. ३० तारखेला तिघेही गळा चिरलेल्या अवस्थेत रस्त्याकडेला सापडले. तपास राष्ट्रीय पोलीस दलापर्यंत पोचला आणि त्या दलाचे प्रमुख, लष्करी राजवटीच्या चार मूळ सूत्रधारांपैकी एक असलेले सेसार मेंदोसा यांना त्या ऑगस्टमध्ये राजीनामा द्यावा लागला.

हे वाचताना एक गोष्ट आठवून माझ्या पोटात गोळा आला. संस्थेचे सगळे स्कॅन मी एका फुकटच्या क्लाउड ड्राइव्हवर टाकले होते आणि ताईंना सोपं जावं म्हणून ‘लिंक असलेल्या कुणालाही दिसेल’ असं सेटिंग ठेवलं होतं. साक्षीदारांचे पत्ते, फोन नंबर, सगळं त्यात होतं. रात्री साडेअकराला उठून मी ते बंद केलं.

विकारियावर ही वेळ खरोखरच आली होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस लष्करी सरकारी वकिलानं त्यांच्या दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी मागितल्या. जखमी होऊन कोण आलं, ते त्यात होतं. तेव्हाचे प्रमुख, बिशप सेर्हियो वालेच यांनी नकार दिला. जी नोंद उद्या न्याय मिळवून देणार, तीच आज चुकीच्या हातात पडली तर माणूस मारते.

याच वालेच यांच्या अध्यक्षतेखाली पुढे छळाच्या बळींसाठी आयोग नेमला गेला. हजारो माणसांनी साक्षी दिल्या. आणि २००४च्या कायद्यानं त्या साक्षी ५० वर्षं सीलबंद झाल्या. साक्षीदार आपली साक्ष स्वतः उघड करू शकतो, पण न्यायाधीशालाही ती मागवता येत नाही, असं कायद्याचं म्हणणं. काहींना ही साक्षीदारांची काळजी वाटते, काहींना गुन्हेगारांची. मला अजून ठरवता आलेलं नाही. साक्ष देणाऱ्याला विचारून कुलूप लावणं आणि त्याच्या नावाखाली आपणच लावणं, यात मोठा फरक आहे, एवढं मात्र कळतं.

विकारिया १९९२मध्ये बंद झाली. कागद राहिले, त्यांच्यासाठी वेगळं प्रतिष्ठान झालं. २००३मध्ये युनेस्कोनं चिलीच्या मानवी हक्कांच्या दस्तऐवजांना ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत घेतलं. विकारियाच्या कार्यशाळांत बायकांनी गोणपाटावर जुन्या कपड्यांच्या चिंध्या शिवून केलेली चित्रंही आता सान्तियागोच्या स्मृती संग्रहालयात आहेत. आपल्या गोधडीची बहीणच म्हणा. फरक इतकाच, की काही चिंध्या बेपत्ता माणसाच्या शर्टाच्या असत.

पुढच्या शनिवारी मी संस्थेत गेलो. आधी ताईंना लिंकबद्दल सांगितलं आणि बोलणी खाल्ली. मग एक्सेल उघडून ‘स्थिती’च्या शेजारी दोन नवे कॉलम घातले : ‘कुणाला, कधी कळवलं’ आणि ‘काय उत्तर आलं’.

ताईंनी ते वाचलं. म्हणाल्या, “आणखी एक घाल. उत्तरावर सही कुणाची.”