जॅझ ऐकू इच्छिणाऱ्यासाठी काही तबकड्या

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, येशूच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये, २५ ऑगस्ट १९०१ रोजी तीन आठवड्यांच्या एका कृष्णवर्णीय बालकाचा बाप्तिस्मा झाला. नोंदवहीत लॅटिनमध्ये नाव लिहिले गेले, ४ ऑगस्ट ही जन्मतारीख लिहिली गेली आणि वही मिटली. ते बालक पुढे लुई आर्मस्ट्राँग या नावाने जगभर गाजले. आपला जन्म ४ जुलै १९०० चा, असे तो अखेरपर्यंत सांगत आला. १९७१ साली तो वारल्यावरही तेच छापले जात होते. खरी तारीख उजेडात आली ती १९८० नंतरच्या दशकात, त्याच नोंदवहीतून. चर्चच्या जुन्या वह्यांत काय काय दडलेले असते हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे.

ही हकीकत आरंभीच सांगण्याचे कारण असे की, जॅझ म्हणजे नाचघरातले आणि दारूच्या गुत्त्यातले संगीत, अशी समजूत आपल्या घरांतून अद्याप आढळते. नाचघराशी त्याचे नाते होते हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये प्रेतयात्रेपुढे बँड चालत असे. दफनभूमीपर्यंत संथ लयीत भक्तिगीते आणि विधी आटोपून परतताना उसळती, नाचरी धून. शोकाकडून आनंदाकडे वळण्याची ही चाल जॅझच्या अंगी मुरली आहे. गोव्यात व मुंबईच्या ख्रिस्ती गावठाणांत अंत्ययात्रेपुढे बँड वाजताना ज्यांनी ऐकला आहे, त्यांस ती फार दूरची वाटू नये.

तेव्हा घरातील एखाद्या तरुणाने ‘जॅझ ऐकायचे आहे, कोठून सुरुवात करू?’ असे विचारले तर त्यास काय द्यावे? इतिहासाची आवड असलेली मंडळी सर्वांत जुने ध्वनिमुद्रण हाती ठेवतात. आम्हास हे मान्य नाही. त्या जुन्या मुद्रणांतील खरखर नव्या कानास सोसत नाही आणि पहिल्याच दिवशी दार बंद होते. मध्यावर आरंभ करावा, मग मागे जावे.

मध्य म्हणजे १९५९ साल आणि माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील ज्या स्टुडिओत ती दोन दिवसांत मुद्रित झाली, ती वास्तू पूर्वी प्रेस्बिटेरियन चर्च होती. तिच्या उंच छताखाली घुमणारा नाद तबकडीत स्पष्ट ऐकू येतो. कॉर्डची झपाट्याने होणारी अदलाबदल डेव्हिसने येथे टाळली आणि एकेका स्वरसप्तकावर दीर्घकाळ रेंगाळण्याची मोकळीक वादकांस दिली. तो राग नव्हे. तरीही आलापीची सवय असलेल्या आपल्या कानास हे रेंगाळणे ओळखीचे वाटते. एक सूचना मात्र करावीशी वाटते. मूळ मुद्रणयंत्राची गती किंचित चुकल्याने पहिल्या बाजूची तिन्ही वादने कित्येक वर्षे जरा चढ्या सुरात विकली गेली. ही चूक १९९२ मध्ये सुधारली. त्यानंतरचीच आवृत्ती घ्यावी.

आता मागे वळावे, आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ या संचांकडे (१९२५ ते १९२८). त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. २८ जून १९२८ रोजी मुद्रित झालेल्या ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या प्रारंभी सारी वाद्ये गप्प असतात व ट्रम्पेट एकटाच बोलतो. ते काही क्षण ऐकल्यावर खरखरीचा विसर पडतो.

दीर्घकाळ वाजणारी तबकडी १९४८ साली आली आणि जॅझला ऐसपैस जागा मिळाली. त्याचा नमुना म्हणून ड्यूक एलिंग्टनची ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ सुचवितो. ७ जुलै १९५६ च्या त्या रात्री पॉल गोन्सालविसने सॅक्सोफोनवर एकामागून एक सत्तावीस आवर्तने वाजविली आणि श्रोते खुर्च्या सोडून उठले. आडनाव वाचून वसईचा वाचक चमकेल. परंतु हा गोन्सालविस अमेरिकेतच जन्मलेला, कूळ केप व्हर्दे बेटांचे. पोर्तुगीज गलबते जेथे गेली तेथे आडनावे राहिली, एवढेच. येथेही आवृत्ती पाहून घ्यावी. जुन्या तबकडीचा बराच भाग मागाहून स्टुडिओत वाजवून घेतलेला होता. खरी मैफल १९९९ च्या आवृत्तीत आहे.

एलिंग्टनचा वाद्यवृंद १९६३ मध्ये मुंबईतही वाजला. परंतु त्याच्या कितीतरी आधी गोव्याच्या पॅरिश शाळांतून स्वरलिपी शिकून आलेले वादक ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवीत होते, आणि तेच दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत बसत. ‘अलबेला’ (१९५१) ज्यांनी ऐकला, त्यांनी चिक चॉकलेट ऊर्फ आंतोनियो झेवियर वाझ यांचा हात नकळत ऐकला आहे.

जॉन कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’ घाईने घेऊ नये. आम्ही स्वतः ती दोनदा अर्ध्यावर बंद केली होती. ९ डिसेंबर १९६४ रोजी मुद्रित झालेली ही चार भागांची रचना म्हणजे व्यसनातून सुटलेल्या माणसाने देवाचे मानलेले आभार होत. ‘साम’, म्हणजे स्तोत्र, या अखेरच्या भागात वेष्टनावर छापलेली स्वतःची प्रार्थना तो सॅक्सोफोनवर शब्दाशब्दाने म्हणतो. ती समोर धरून ऐकावे.

शेवटची तबकडी दुकानात सहसा सापडत नाही, म्हणून तिची अधिक शिफारस. पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांनी १९५४ साली पॅरिसमध्ये, कीर्ती असताना, वादन सोडले. न्यूयॉर्कला परतून त्या चर्चमध्ये तासन्तास प्रार्थना करीत. १९५७ मध्ये त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. आता पियानो कायमचा मिटणार असे वाटत असता, संगीत हीच तुमची प्रार्थना होऊ द्या, असे सांगून धर्मगुरूंनीच त्यांस परत वाद्याकडे धाडले. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी लिमा शहराच्या मार्टिन द पोरेस या कृष्णवर्णीय मातेच्या पुत्रास संतपद दिले, तेव्हा विल्यम्सबाईंनी त्यांच्यावर गायकवृंदासाठी रचना केली. १९६४ च्या ‘ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज’ या तबकडीत ती आहे. पुढे १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये त्यांच्या संगीतासह पवित्र मिस्सा साजरी झाली, आणि पियानोवर त्या स्वतः होत्या.