नळ आणि काठी : भिवंडीच्या मोहल्ला कमिट्यांचा धडा

इतिहास म्हटला की आपल्यापुढे लढाया, तह आणि सिंहासने उभी राहतात. आम्ही इतिहास वाचू लागलो तो शाळेत नव्हे, तर कामगार संघटनेच्या कामात पडल्यावर, गरजेपोटी. त्यामुळे आमची नजर पहिल्यापासून जरा निराळ्या जागी जाते. एखादी सभा कोणी बोलावली, तिला कोण बसले, कोण दाराबाहेर उभे राहिले आणि ठरलेले कागदावर आले की नाही, हे आम्ही आधी पाहतो. राज्य कोणाचे आहे याचे उत्तर पुष्कळदा राजवाड्यापेक्षा अशा बैठकीच्या सतरंजीवर लवकर सापडते. आज अशाच एका साध्या बैठकीचा इतिहास सांगावयाचा आहे. वस्तीतली माणसे आणि पोलिस एकत्र बसतात, गटारापासून गुंडापर्यंत सगळे बोलतात, ती ही मोहल्ल्याची बैठक.

गावाची राखण गावाने करावी ही आपल्याकडे जुनी रीत आहे. पाटील, त्याच्या हाताखाली जागले, कोठे रामोशी, कोठे वेसकर. चोरी झाली तर माग काढण्याची जबाबदारी त्यांची. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. ज्या महाराने रात्रभर वेस राखावी त्याने सकाळी चावडीच्या बाहेर उभे राहावे, अशी ती व्यवस्था होती. राखण सर्वांची, पण न्याय जातीच्या उतरंडीप्रमाणे. तरीही एक गोष्ट खरी की राखणदार आणि रयत एकमेकांना नावाने ओळखत.

इंग्रजांनी ही घडी मोडली. १८५७ चा धडा घेऊन त्यांनी १८६१ साली पोलिसांचा कायदा केला; मुंबई इलाख्याने आपले निराळे कायदे केले, त्यातला जिल्हा पोलिसांचा मोठा कायदा १८९० चा. या कायद्यांतला पोलिस उत्तरदायी होता तो वरिष्ठाला आणि सरकारला. वस्तीशी त्याचे नाते काय, तर वस्ती बिघडली की तिच्यावर जादा पोलिस बसवावयाचे आणि त्यांचा खर्च त्याच वस्तीकडून वसूल करावयाचा. १८९७ साली प्लेगच्या धामधुमीत पुण्यात रँडचा खून झाला, तेव्हा हा दंड पुणेकरांनी भोगला. खून करणारे थोडे, पण पोलिसांचा खर्च साऱ्या शहराच्या माथी. एका माणसाच्या कृत्यासाठी सबंध मोहल्ल्याला गुन्हेगार धरण्याची सवय येथून जुनी आहे.

दुसऱ्या बाजूला नगरपालिका निघत होत्या. पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा फुले काही वर्षे सभासद होते आणि व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी सार्वजनिक पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला, हे आपण जाणतोच. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. पण या स्वराज्यात दिवा, गटार आणि पाणी होते, पोलिस नव्हते. मुंबई शहराची हकीकत तर मोठी बोलकी आहे. तेथे पोलिसांच्या खर्चाचा मोठा भार कित्येक वर्षे म्युनिसिपालिटीवर होता. पैसा करदात्यांचा, हुकूम सरकारचा! यावर नगरपित्यांनी वर्षानुवर्षे वाद घातला. अखेर १९०७ साली सरकारने पोलिसांचा खर्च आपल्याकडे घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार म्युनिसिपालिटीकडे दिला. हिशेबाच्या दृष्टीने सौदा वाईट नव्हता. परंतु नगरसभेत पोलिसांविषयी बोलण्याचा जो एक धागा होता तोही तुटला. नळ एका कचेरीत गेला, काठी दुसऱ्या कचेरीत गेली.

स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, १९५१ साली मुंबई पोलिस कायदा झाला. पण ही वाटणी तशीच राहिली. चाळीत राहिलेल्या माणसाला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. पाणी पहाटे वीस मिनिटे येते, हंडे पन्नास, नळ एक. बायकांची बाचाबाची होते, संध्याकाळी पुरुष त्यात पडतात, आणि एका घरचे नाव राम व दुसऱ्या घरचे रहीम असले की रात्री ती दोन धर्मांची लढाई होते. पालिकेत जावे तर साहेब म्हणतात, मारामारी आमचे खाते नव्हे. पोलिस ठाण्यात जावे तर जमादार म्हणतो, पाणी आमचे खाते नव्हे. दोन्ही उत्तरे कायद्याने बरोबर आहेत. त्या दोन बरोबर उत्तरांच्या मधल्या फटीत दंगल वाढते.

भिवंडीचा इतिहास याच फटीचा इतिहास आहे. ठाणे जिल्ह्यातले हे गाव हातमागाचे, पुढे यंत्रमागाचे झाले. उत्तरेकडचे मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, कोकणी मुसलमान, आगरी, मराठे, अशी सगळी माणसे येथे एका धाग्यात आली. १९८२ साली मुंबईत गिरणी कामगारांचा संप झाला आणि गिरण्यांचे पुष्कळसे काम या मागांकडे वळले. माग वाढले, खोल्या वाढल्या नाहीत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कारागीर आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी, ज्यांना तेथे बिसी म्हणतात, यांचे हे शहर. येथे ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि तिचे लोण जळगावपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची कसून चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावरही स्पष्ट बोट ठेवले. तरीही मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. त्या वेळी भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली.

शांतता समित्या तेव्हाही होत्या. सण जवळ आला की त्यांची आठवण होई. ठाण्यात खुर्च्या मांडल्या जात, दोन्ही बाजूंचे पुढारी, व्यापारी आणि ज्यांना पोलिस प्रतिष्ठित म्हणतात ती मंडळी येत, चहा होई, बंधुभावावर भाषणे होत, छायाचित्र निघे. मिरवणूक पार पडली की समितीही विसर्जित. ज्या गल्लीत दगड पडायचा त्या गल्लीतला माणूस त्या बैठकीत नसेच. कित्येकदा ज्याच्या इशाऱ्यावर दगड पडायचा तोच पहिल्या खुर्चीवर बसलेला असे.

१९८८ साली सुरेश खोपडे हे पोलिस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी जे केले ते ऐकायला फार साधे आहे. त्यांनी मोठी समिती मोडून मोहल्ल्या-मोहल्ल्याची कमिटी केली. अशा सत्तरच्या आसपास कमिट्या शहरभर उभ्या राहिल्या. पुढाऱ्यांऐवजी त्या गल्लीत राहणारी हिंदू व मुसलमान माणसे तीत घेतली: कारागीर, दुकानदार, शिक्षक. बैठक सणासुदीची नव्हे, तर नेमाने भरणारी. तिला पोलिस हजर. आणि बोलायचे कशावर? बंधुभावावर नव्हे, जे ज्याच्या उरावर असेल त्यावर. तुंबलेले गटार, बंद दिवा, पोरीची छेड, भाडेकरूची कुरबूर, नळावरचे भांडण. ज्याला पोलिस ‘किरकोळ’ म्हणून हाकलीत, तेच येथे मुख्य काम झाले.

संघटनेच्या कामात तीस वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्यांना यातले मर्म चटकन उमगते. संपाच्या आदल्या दिवशी बोलावलेल्या सभेने एकजूट होत नाही. एकजूट होते ती रजेच्या अर्जासाठी, पगारातल्या चुकीच्या कापणीसाठी, मुतारीच्या दारासाठी महिनोन् महिने बसलेल्या लहान बैठकांतून. त्या बैठकांत माणूस माणसाची पारख करतो. कोण बढाईखोर, कोण शब्दाचा पक्का, हे तेथे कळते. आणि कसोटीच्या दिवशी कोणाच्या सांगण्यावर थांबायचे हे आधीच ठरलेले असते. मोहल्ल्याचेही तसेच. अफवा रात्री येते. त्या वेळी शेजारच्या गल्लीतल्या ज्या माणसाला आपण नावाने हाक मारू शकतो, तो एक माणूस शंभर भाषणांपेक्षा उपयोगी पडतो. शिपायालाही जमाव दिसत नाही, चेहरे दिसतात.

कसोटी लवकरच आली. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत मशीद पाडली गेली. मुंबई डिसेंबरात आणि पुन्हा १९९३ च्या जानेवारीत पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. ज्या भिवंडीचे नाव दंगलीशी जोडले गेले होते, ती काही कोसांवर असून शांत राहिली. खोपडे यांच्यानंतर आलेल्या अधिकाऱ्यांनीही कमिट्यांचे काम सोडले नव्हते. पुढे खोपडे यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हाच प्रश्न नाव म्हणून देऊन पुस्तक लिहिले, आणि आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकांनीही आपल्या ग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली.

सारे श्रेय कमिट्यांना द्यावे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. १९८४ च्या राखेत मागवाल्याचे आणि कारागिराचे दोघांचेही पोट जळाले होते, ती आठवण ताजी होती. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा आणि कापड विकणारा तिसरा, असा येथला धंदा आहे. पण हीच आठवण आणि हाच धंदा १९७० नंतरही होता, तरी १९८४ घडलेच. मधल्या काळात नवे घडले ते एवढेच की माणसे नेमाने एकत्र बसू लागली होती.

मुंबईने हा धडा उशिरा घेतला. १९९४ च्या सुमारास ज्युलिओ रिबेरो, पोलिस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या आणि होरपळलेल्या वस्त्यांत पोलिस व लोक पुन्हा समोरासमोर बसू लागले.

आता या इतिहासाचे दुसरे पान. ५ जुलै २००६ रोजी याच भिवंडीत कब्रस्तानाजवळच्या एका जागेवर पोलिस ठाण्याची इमारत बांधण्यावरून वाद विकोपाला गेला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. त्याच रात्री जमावाने दोन पोलिस शिपायांना ठार मारले. विषय पाहा: एक भूखंड आणि एक इमारत. मोहल्ल्याच्या बैठकीत बसून मिटवावा असाच तो होता. हिंदू-मुसलमानांची दंगल त्यातून झाली नाही, हे खरे. पण वस्ती आणि पोलिस यांच्यातला विश्वास आटला होता, हेही तितकेच खरे. मेलेले चौघेही गरिबांच्या घरचे होते. कमिटी एकदा स्थापन केली म्हणजे पिढ्यान् पिढ्या पुरते, असे नाही. नळासारखीच तिचीही देखभाल लागते.

याचे कारण आमच्या मते उघड आहे. भिवंडीची कमिटी एका चांगल्या अधिकाऱ्याच्या कर्तबगारीतून जन्मली. अधिकारी बदलतो, त्याची बदली वस्तीच्या हाती नसते. म्हणून अशा बैठकीला कायद्याचा पाया हवा. तो पाया अगदीच नाही असे नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख आणि त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. महाराष्ट्राने २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात केली. गावांसाठी २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली आणि पुष्कळ गावांनी आपले तंटे आपणच मिटविले. परंतु शहरातल्या क्षेत्रसभा कागदावरून फारशा उतरल्या नाहीत. आणि २०२२ नंतर काही वर्षे तर राज्यातल्या अनेक महापालिका लोकनियुक्त सभासदांवाचून प्रशासकांच्या हाती चालल्या. सभागृहच रिकामे, तर मोहल्ल्याची सतरंजी कोण घालणार?

या बैठकीचे धोकेही आम्ही जाणतो. पोलिस ज्या सभेला बोलावतात ती सभा खबऱ्यांची होऊ शकते. ठाण्यात ऊठबस असणारे दलाल तीत शिरतात आणि कमिटीचे ओळखपत्र खिशात घालून गरिबाला दम देतात. कारखान्याच्या दारात पोलिस मालकाची बाजू घेऊन उभे राहिलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. तेव्हा पोलिसांशी गोडीने बोला एवढा उपदेश आम्हांस पुरत नाही. शिवाय खोलीचा भाडेकरार ज्याच्या नावावर नाही, मतदार यादीत ज्याचे नाव नाही, असा परमुलखातून आलेला कारागीर आणि पहाटे नळावर उभी राहणारी बाई, यांना त्या बैठकीत जागा नसेल तर जुन्या चावडीत आणि तिच्यात फरक काय?

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. बैठकीचा वार ठरलेला असावा. ती ठाण्यात न भरता वस्तीत भरावी. पालिकेचा माणूस आणि पोलिसांचा माणूस दोघेही एकाच वेळी हजर असावेत, म्हणजे ‘हे आमचे खाते नव्हे’ असे म्हणण्याची सोय कोणालाच राहणार नाही. झालेले बोलणे वहीत लिहावे आणि पुढच्या बैठकीत आधी मागची वही वाचावी. वही वस्तीकडे राहावी. पोलिसांविरुद्धची तक्रारही त्याच वहीत लिहिता यावी.

यात नवीन असे काही नाही. कामगारांनी आपल्या युनियनची शाखा याच रीतीने चालविली आणि भिवंडीच्या गल्ल्यांनी काही वर्षे ते करून दाखविले. १९०७ साली नळ आणि काठी यांची जी फारकत झाली ती दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्या केव्हा जोडतील ते जोडोत. गल्लीच्या कोपऱ्यावर एक सतरंजी घालून, ठरल्या वारी एकत्र बसून, ती जोडण्यास आज कोणाची आडकाठी नाही.