पुण्याचे वाळूवाले आणि नाकांतील एक रोग

जुन्या पुण्यांतील दगडी वाडा पाहतांना आपण त्याच्या चिरेबंदी कामाची वाहवा करतों. चुन्यांत कालवलेली वाळू कोठून आली, हें कोणी विचारीत नाहीं. ती नदीच्या पात्रांतून येई. आणि जेथें पाणी खोल, तेथें बुडी मारूनच ती वर काढावी लागे.

या बुड्या मारणाऱ्यांच्या नाकांत कधीं कधीं एक चमत्कारिक मांसांकुर वाढतो. तो तांबडा, मऊ, तुतीच्या फळासारखा खडबडीत असून त्यावर पांढरे बारीक ठिपके दिसतात. धक्का लागतांच रक्त येतें. वाढला म्हणजे नाकपुडी बंद होते. प्रत्येक ठिपका ही हजारों बीजाणूंनीं भरलेली पिशवी असते. जीव सहसा जात नाहीं; म्हणूनच गरीब मनुष्य वर्षानुवर्षें तें दुखणें अंगावर काढतो.

या रोगाचें वर्णन गिलेर्मो सीबर यांनीं १९०० सालीं ब्यूनॉस आयरिस येथें केलें. १९०३ सालीं ओकिनीली यांनीं कलकत्त्याचा रोगी नोंदविला. पुढें १९२३ सालीं ॲशवर्थ यांनीं एडिंबर्ग येथें एका हिंदी विद्यार्थ्याच्या नाकांतील गांठ तपासून हा जंतु बुरशींत गणला आणि 'रायनोस्पोरिडियम सीबेरी' हें नांव रूढ केलें. जंतु तर ओळखला. पण तो नाकांत शिरतो कसा?

येथें आपलें पुणें पुढें येतें. १९३३ सालीं डॉ. नोरोन्हा यांनीं पुण्याच्या वाळूवाल्यांत हा रोग आढळतो, असा निबंध प्रसिद्ध केला. १९३७ सालीं डॉ. मंडलिक यांनीं त्यापुढचें मार्मिक निरीक्षण मांडलें. वाळूचें काम दोघांचेंही. परंतु पाण्यांत बुडणाऱ्यांस रोग होतो, कांठावर वाळू वाहणाऱ्यांस होत नाहीं. माझ्या मतें ही तुलना शाळेंतील शास्त्राच्या तासाला मुद्दाम सांगावी अशी आहे. तिला उपकरण लागलें नाहीं. कोण कोठें उभें राहून राबतो, एवढें पाहावें लागलें. वाळूच्या कणांनीं नाकाची आंतली त्वचा खरचटते आणि पाण्यांतील जंतूस वाट मिळते, असा तर्क आहे.

बैल, घोडे, खेचरें, कुत्रीं यांनाही हा रोग होतो. आमच्या तळेगावाकडे इंद्रायणींत बैल धुणारा शेतकरी आणि त्याचा बैल एकाच पाण्यांत उभे असतात. परंतु बैलाचा रोग धन्यास लागतो, असें आढळलेलें नाहीं. दोघांनाही तो पाण्यांतूनच मिळतो, असें मानतात.

१९९९ च्या सुमारास आनुवंशिक द्रव्याच्या तपासणींत हा जंतु खरी बुरशी नसून माशांना जडणाऱ्या कांहीं जलजंतूंचा सोयरा ठरला. प्रयोगशाळेंत मात्र तो अद्याप कोणाला नीट वाढवितां आलेला नाहीं. गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडांत, केरळांत, तामिळनाडूंत आणि श्रीलंकेंत तळ्यांत स्नान करणाऱ्यांमध्यें हा रोग आजही दिसतो. उपाय शस्त्रक्रियेचाच: गांठ मुळासकट काढून मूळ जाळावें लागतें. तरीही ती पुन्हा उगवते, आणि रोगी बरा झाला कीं पोटासाठीं त्याच पाण्यांत उतरतो.