पोर्तुगीज प्रजासत्ताक, पहिले

पोर्तुगालमधील राजसत्ता उलथून स्थापन झालेले व ५ ऑक्टोबर १९१० ते २८ मे १९२६ या काळात टिकलेले लोकसत्ताक शासन. त्याच्या उदयाचे एक मूळ आफ्रिकेत सापडते. अंगोला व मोझँबीक यांमधील प्रदेशातून सैन्य काढून घ्यावे, असा निर्वाणीचा खलिता ब्रिटनने १८९० मध्ये धाडला आणि राजा पहिला कार्लुश याच्या सरकारने तो मान्य केला. या मानहानीमुळे प्रजासत्ताकवाद्यांचे बळ वाढले. १ फेब्रुवारी १९०८ रोजी लिस्बनमध्ये राजा व युवराज यांची हत्या झाली आणि १८ वर्षांचा दुसरा मान्वेल गादीवर आला.

ऑक्टोबर १९१० मधील उठाव फसल्याच्या समजुतीने त्याचा नौदलातील नेता कांदिदू दुश रैश याने आत्महत्या केली. माशादू सांतुश हा कनिष्ठ नौदल अधिकारी मात्र थोडे सैनिक व सशस्त्र नागरिक यांसह रोतुंदा चौकात ठाण मांडून राहिला. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. राजाने समुद्रमार्गे जिब्राल्टर गाठले.

आफोंसू कॉश्ता याने १९११ मध्ये धर्मसंस्था व राज्य यांची फारकत केली. त्यामुळे श्रद्धाळू ग्रामीण जनता दुरावली. त्याहून घातक ठरला तो १९१३ चा निवडणूक कायदा. सुमारे ७० टक्के लोक निरक्षर असलेल्या या देशात मताधिकार केवळ साक्षर पुरुषांना उरला. लोकसत्तेने लोकांनाच दाराबाहेर ठेवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. कारण कुटुंबप्रमुख म्हणून निरक्षरांनाही मत देता येईल, अशी तरतूद राजेशाहीने १८७८ मध्ये केली होती. पुढे पहिल्या महायुद्धातील सहभाग (१९१६), चलनवाढ व पक्षकलह यांनी शासन खिळखिळे झाले. सोळा वर्षांत सुमारे ४५ मंत्रिमंडळे आली. हुकूमशाही वृत्तीचा अध्यक्ष सिदोन्यू पाइश याचा १९१८ मध्ये खून झाला. १९ ऑक्टोबर १९२१ च्या रात्री बंडखोरांनी पंतप्रधान आंतोन्यू ग्रांजू याच्याबरोबर रोतुंदाचा वीर माशादू सांतुश यालाही ठार केले. १९२६ मध्ये ब्रागा येथून जनरल गोमिश द कॉश्ताने उठाव केला, तेव्हा प्रजासत्ताकाच्या रक्षणार्थ फारसे कोणी पुढे आले नाही.

गोव्यात मात्र या राजवटीची स्मृती वेगळी आहे. कॅथलिक पंथ हा राज्यधर्म असल्यामुळे दुय्यम लेखल्या गेलेल्या हिंदूंना १९१० नंतर समान नागरी हक्क लाभले. सालाझारच्या १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींची स्वायत्तता संपुष्टात आणली. त्याच वर्षी लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात या धोरणाचा निषेध करून स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला.