ऊस लवकर संपला की साखर महाग का पडते? समजून घ्या उत्पादन खर्चाचं गणित

दुष्काळ पडला, ऊस कमी आला आणि साखर कारखान्याची धुराडी फेब्रुवारीतच थंडावली. ऊस कमी गाळला म्हणजे खर्चही कमी झाला असणार, असं कुणालाही वाटेल. एकूण खर्च कमी होतोही. पण प्रत्येक क्विंटल साखरेमागचा खर्च मात्र वाढतो.

याचं कारण खर्चाच्या दोन प्रकारांत आहे. ऊस, चुना, गंधक, पोती हा बदलता खर्च. जितकं गाळप, तितका तो होतो. कर्जाचं व्याज, यंत्रांचा घसारा, कायम कामगारांचे पगार, हंगाम संपल्यावरची दुरुस्ती हा स्थिर खर्च. कारखाना १५० दिवस चालो की १००, हे पैसे जातातच.

आता आकडे मांडू. हे आकडे गणितापुरते आहेत. मळी आणि बगॅसमधून मिळणारे पैसेही सोपेपणासाठी बाजूला ठेवू. समजा, कारखाना रोज ४,००० टन ऊस गाळतो आणि साखर उतारा १० टक्के आहे. म्हणजे एक टन उसातून एक क्विंटल साखर. वर्षाचा स्थिर खर्च ४८ कोटी रुपये आणि बदलता खर्च क्विंटलमागे ३,३०० रुपये.

हंगाम १५० दिवस चालला तर साखर होईल ६ लाख क्विंटल. ४८ कोटी त्यावर वाटले की क्विंटलमागे ८०० रुपये येतात. एकूण खर्च ४,१०० रुपये.

हंगाम १०० दिवसांतच आटोपला तर साखर ४ लाख क्विंटल. तेच ४८ कोटी आता कमी पोत्यांवर बसतात. वाटा १,२०० रुपये, एकूण ४,५००. किलोमागे थेट ४ रुपयांची वाढ, तीही उसाचा दर एक रुपयानेही न वाढता!

चूक इथे होते

‘गेल्या वर्षी क्विंटलला ४,१०० खर्च आला, यंदा ४ लाख क्विंटल होणार, म्हणजे १६४ कोटी लागतील’, असा हिशेब सर्रास केला जातो. तो चुकीचा आहे. बदलता खर्च १३२ कोटी आणि स्थिर ४८ कोटी, असे १८० कोटी लागतील. १६ कोटींचा खड्डा आधी कागदावर दिसत नाही, नंतर बँकेत दिसतो.

त्यामुळे आधी स्थिर आणि बदलता खर्च वेगळा करायचा, मग नव्या उत्पादनाने भागायचं. दोन्ही खर्च एकत्रच नोंदले असतील, तर दोन वर्षांचे आकडे घ्यावेत. ६ लाख क्विंटलला २४६ कोटी, ४ लाखांना १८० कोटी. फरक ६६ कोटी, उत्पादनातला फरक २ लाख क्विंटल. भागाकार केला की ३,३०० रुपये हा बदलता खर्च निघतो. मात्र मधल्या काळात उसाचा किंवा इतर मालाचा दर बदलला असेल, तर ही पद्धत फसते.

कारखाने उसासाठी का भांडतात?

उसाची एफआरपी, म्हणजे किमान दर, केंद्र सरकार ठरवतं आणि ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात. बदलत्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग त्यामुळे कारखान्याच्या हातात नाही. उरतो स्थिर खर्च. तो हलका करायचा तर जास्त ऊस हवा. शेजारच्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रातला ऊस पळवण्याची धडपड यातूनच होते. हंगाम लवकर सुरू करण्याचा मोहही असतो, पण अपक्व उसाचा उतारा कमी पडतो. दिवस वाढतात, पण प्रत्येक टनामागे साखर कमी मिळते, आणि मग क्विंटलमागचा बदलता खर्चही वर जातो.

जास्त उत्पादनालाही मर्यादा आहे. रोज ४,००० टनांच्या पुढे जायचं तर नवी यंत्रं आणि नवं कर्ज लागेल, म्हणजे ४८ कोटींचा आकडाच बदलेल.

मंदावलेल्या वर्षात गोदामातल्या साखरेची किंमत ४,५०० रुपये धरायची का? लेखा मानक २ याला परवानगी देत नाही. स्थिर उत्पादन खर्च सामान्य क्षमतेनुसारच मालावर लावायचा असतो. सामान्य उत्पादन ६ लाख क्विंटल असेल, तर साठ्यावर जास्तीत जास्त ८०० रुपयेच चढतात, कारण कर्जाचं व्याज सहसा साठ्याच्या किमतीत धरलं जात नाही. उरलेले किमान ४०० रुपये त्याच वर्षीच्या नफा-तोट्यात जातात.