दोष नेमका कोणाला दिसतो?

संगणकाच्या पडद्यापुढे नवखा माणूस अडखळला की 'याला जमत नाही' असे म्हणून आपण मोकळे होतो. दोष पडद्याच्या आखणीत असू शकतो हे पटले, तरी तो शोधायचा कसा, हा प्रश्न उरतोच. त्याच्या उत्तरांचा इतिहास छोटा आहे, पण बोलका आहे.

सरळ रीत अशी, की वापरणाऱ्याला काम द्यायचे, मनातले मोठ्याने बोलायला सांगायचे आणि तो कुठे अडतो ते टिपायचे. पण याला वेळ आणि पैसा लागतो. १९९० साली जेकब नील्सन आणि रॉल्फ मोलिच या डॅनिश अभ्यासकांनी स्वस्त पर्याय मांडला. काही जाणकारांनी मोजके ठोकताळे हाताशी धरून पडदे स्वतंत्रपणे तपासायचे आणि नंतर याद्या एकत्र करायच्या. वापरणाऱ्याच्या भाषेत बोला, त्याच्या स्मरणावर भार टाकू नका, बाहेर पडायची वाट स्पष्ट ठेवा, असे ते ठोकताळे होते.

पुढच्याच वर्षी ह्यूलेट-पॅकार्डमधील रॉबिन जेफ्रीज आणि सहकाऱ्यांनी एकाच प्रणालीवर चार पद्धती लावून पाहिल्या. त्यांत ठोकताळ्यांची पद्धत सरस ठरली. तिने सर्वाधिक दोष दाखवले, गंभीर दोषही जास्त, आणि तेही कमी खर्चात. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या चाचणीत दोष थोडे सापडले, पण ते बहुतेक महत्त्वाचे होते.

निकाल लागला असे वाटले. मात्र ठोकताळे वापरणारे या विषयातले मुरलेले अभ्यासक होते, तर लेखी नियमावलीवरून तपासणी सॉफ्टवेअर अभियंत्यांनी केली होती. मग जिंकली ती पद्धत, की माणसे? १९९८मध्ये वेन ग्रे आणि मेरिलिन साल्झमन यांनी अशा पाच गाजलेल्या तुलना तपासल्या आणि त्यांच्या निष्कर्षांना पुरेसा आधार नाही, असे दाखवून दिले.

खरा धक्का दिला तो मोलिच यांच्याच पुढच्या कामाने. नऊ स्वतंत्र संस्थांनी हॉटमेल ही एकच ईमेल सेवा तपासली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार एकूण ३१० दोष नोंदले गेले. त्यांपैकी २३२, म्हणजे ७५ टक्के, केवळ एकाच संस्थेच्या यादीत होते. सहा किंवा अधिक संस्थांना दिसलेले दोष फक्त दोन!

म्हणून चाचणी व्यर्थ, असे मुळीच नाही. एका गटाला दिसलेला दोष खरा असू शकतो. पण एका गटाची यादी पूर्ण नसते. 'आम्ही तपासून घेतले आहे' हे वाक्य आज बँकेपासून रेशनपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ते ऐकल्यावर विचारावे, की कोणी तपासले, कोणाला बसवून आणि किती वेळा? ज्याला कोणी बसवलेच नाही, त्याची अडचण कोणत्याच यादीत नसते, आणि मग 'जमत नाही' हा शिक्का पुन्हा त्याच्याच कपाळी बसतो.