बाणेरचा घरबाजार आणि आपली फाइल

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "आपल्या भागात घरं कशी वाढली ते तुम्हीच लिहा, विकलीत तर तुम्हीच ना!" असे संपादक मंडळाने मला सांगितले. सगळी काही मी विकली नाहीत. पण १९९६ पासून मी याच बाणेर रस्त्यावर इस्टेट एजंट म्हणून बसतो आणि २००० साली नोंदणी झाल्यापासून आपल्या सोसायटीचा सभासद आहे. त्यामुळे हा बाजार विकणाऱ्याच्या आणि राहणाऱ्याच्या, अशा दोन्ही बाजूंनी पाहायला मिळाला. तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

मुळात पुण्याला फ्लॅटची सवय उशिरा लागली. पेठांतला माणूस वाड्यात भाड्याने राहायचा आणि बहुधा तिथेच म्हातारा व्हायचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या हजारो लोकांची घरे गेली आणि शहराला पेठांबाहेर पडावेच लागले. पूरग्रस्तांच्या वसाहती आणि सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा तेव्हा नुकताच झाला होता. पाठोपाठ १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. आम्ही धंद्यातले लोक त्याला 'मोफा' म्हणतो. बिल्डरने ग्राहकाला काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे, हे या कायद्याने लिहून ठेवले. ते किती जणांनी वाचले, हा भाग वेगळा.

पुढे एचडीएफसी १९७७ साली स्थापन झाली आणि पगारदार माणसाला तारुण्यातच घर घेता येईल अशी सोय हळूहळू झाली. कोथरूड, कर्वेनगर भरत गेले. बाणेर मात्र तेव्हा गावच होते. तुकाई टेकडी, बाणेश्वर, रामनदी आणि शेती. विद्यापीठ चौकाच्या पुढे आले की गिऱ्हाईक विचारायचे, "अजून किती लांब?"

चित्र बदलले ते तीन गोष्टींमुळे. १९९७ साली आसपासच्या गावांबरोबर बाणेर पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. त्याच सुमारास हिंजवडीला आयटी पार्कची सुरुवात झाली. आणि घरकर्ज स्वस्त झाले. नव्वदच्या दशकात पंधरा टक्क्यांच्या आसपास असलेला व्याजदर २००३-०४ पर्यंत आठ टक्क्यांच्या घरात आला. व्याजावरची आयकराची सवलतही त्याच काळात वाढत दीड लाखापर्यंत गेली. जो माणूस चाळिशीनंतर वन बीएचके बघायचा, तो तिशीच्या आत टू बीएचके मागू लागला.

त्या वेळचे आमचे काम आजच्या मुलांना सांगितले तर हसतील. एक डायरी, एक स्कूटर, किल्ल्यांचा जुडगा आणि रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती. कुठल्या इमारतीत कोणाची बदली झाली, कोणाचा मुलगा परदेशी गेला, कोणाला मुलीच्या लग्नासाठी जागा काढायची आहे, ही माहिती म्हणजेच आमचे भांडवल. वॉचमन, इस्त्रीवाला, किराणा दुकानदार यांच्याकडून ती मिळायची. विक्रीवर दोन टक्के आणि भाड्याच्या जागेला एक महिन्याचे भाडे, ही साधारण रीत. पार्टीला आधी घर न दाखवता पत्ता सांगितला तर ती परस्पर मालकाकडे जायची, म्हणून पत्ता शेवटपर्यंत पोटात ठेवायचा.

बाजार वाढता असला की एक गंमत होते. सगळेच शहाणे ठरतात. २००३ ते २००८ या काळात कोणी काहीही घेतले तरी वर्षभराने त्याचा भाव वाढलेला असायचा. मग कागद बघायला वेळ कोणाला? 'सुपर बिल्टअप' नावाच्या आकड्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळे मोजून फ्लॅटचे क्षेत्रफळ सांगायचे आणि घरात टेप लावली की खोल्या आक्रसलेल्या निघायच्या. भोगवटा पत्र मिळायच्या आधीच लोक कलश घेऊन राहायला यायचे. "सगळं क्लिअर आहे साहेब" हे वाक्य त्या काळात बाणेर रस्त्यावर जितके बोलले गेले असेल, तितके दुसरे कुठलेही नसेल.

टेकडीच्या उतारावरच्या गुंठ्यांचे उदाहरण सांगतो. स्वस्त, हवेशीर, वरून सगळे शहर दिसते. एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी तसला दीड गुंठा घ्यायचा ठरवून माझ्याकडे आले होते, फक्त विसार पावती लिहून द्या म्हणून. मी सातबारा मागवला. उताऱ्यावर बरीच नावे आणि विकणारा त्यातला एकच. शिवाय टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे आरक्षण प्रस्तावित. मी पावती लिहिली नाही. काका जरा रागावलेच, "तुमची दलाली बुडते म्हणून का?" म्हणाले. दलाली तर पावती लिहिल्यावर मिळाली असती! पुढे त्यांनी पाषाणला जुन्या इमारतीत छोटा फ्लॅट घेतला, तोही माझ्याकडूनच. टेकडीवरच्या त्या जागेवर आजही बांधकामाची परवानगी नाही.

या धंद्याबद्दल माझे एक मत इथूनच पक्के झाले. घर कुठे आहे हे सांगणे हे एजंटचे निम्मे काम आहे. ते घर नक्की कोणाचे आहे हे सांगणे, हे उरलेले निम्मे आणि जास्त मोलाचे.

नंतरच्या वर्षांत पहिले निम्मे काम आमच्या हातातून गेले, आणि गेले ते बरेच झाले. २००८ च्या मंदीत बरेच हौशी एजंट दुकाने बंद करून गेले. मग संकेतस्थळे आली, 'नो ब्रोकरेज'च्या पाट्या आल्या. २०१३ पासून पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस कापणे सुरू झाले. २०१५ पासून वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला बंदी आली. २०१७ मध्ये महारेरा सुरू झाले. चटई क्षेत्रावरच विक्री, करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही आणि ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात. एजंटलाही नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला. पुढे परीक्षाही आली. या वयात मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर बसून पेपर दिला. घरी पेढे वाटले, हे सौ.ने इतरांना सांगितलेच असेल. सातबारा डिजिटल सहीसह घरबसल्या मिळतो, इंडेक्स टू ऑनलाइन शोधता येतो. जे आम्ही कचेऱ्यांत चपला झिजवून काढायचो ते आता मोबाइलवर निघते. तरीही लोक माझ्याकडे येतात, ते कागद वाचून घ्यायला.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. मोफा कायद्याप्रमाणे करारात वेगळी मुदत नसेल तर संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर करून द्यायची असते. यालाच कन्व्हेयन्स, म्हणजे अभिहस्तांतरण म्हणतात. आपल्याकडे चार महिन्यांची बारा वर्षे झाली. दर वार्षिक सभेत विषय निघायचा आणि चहाबरोबर संपायचा. "राहतोय ना आपण? काढतंय का कोणी?" असे म्हणणारे बरेच होते. त्यांचेही खरे होते. रोजच्या जगण्यात काही अडत नव्हते.

अडले ते २०१२ साली. आपल्याच एका सभासदाचा फ्लॅट मी विकायला घेतला होता. भाव ठरला, टोकन झाले. घेणाऱ्यांच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, "जमीन कोणाच्या नावावर?" सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकरी कुटुंबाचीच नावे होती. व्यवहार मोडला नाही, पण ठरलेला भाव खाली आला. सोसायटीतल्या प्रत्येक घराच्या किमतीतून तेवढी रक्कम न बोलता वजा होत होती, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जमीन आपल्या नावावर नाही तोवर उरलेल्या किंवा पुढे वाढणाऱ्या एफएसआयवर दुसराच कोणी हक्क सांगू शकतो. गच्चीवर आणखी एक मजला चढवायचा विचार चालू असल्याची कुजबुज तेव्हा होतीच.

पुढच्या विशेष सभेत ठराव झाला. मोफा कायद्यातल्या दुरुस्तीमुळे बिल्डरने सही दिली नाही तरी संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी प्रत्येक सभासदाच्या कराराची प्रत आणि इंडेक्स टू लागतो. त्या प्रती गोळा करायला आपल्या तेव्हाच्या सचिवांना सात महिने लागले. कोणाचा करार बँकेत, कोणाचा गावाकडच्या ट्रंकेत, एकाचा तर भावाच्या नावच्या लॉकरमध्ये. पण दोन वर्षांनी आदेश मिळाला, दस्त नोंदला गेला आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावर आपल्या संस्थेचे नाव चढले. त्या उताऱ्याची रंगीत प्रत ऑफिसात फ्रेम करून लावली आहे. नव्या सभासदांना ती कसली म्हणून कळत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आज बाणेर रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे आहेत. एरंडवणे, कोथरूडला पुनर्विकासाची लाट आहे. आपली इमारत तिशीला आली की आपल्याही दारात लोक येतील. खरे तर फोन आत्ताच सुरू झालेत. कोण जास्त चटई क्षेत्र देतो, कोण जास्त भाडे देतो, यावर चर्चा होईल. व्हावीही. पण त्या टेबलावर आपण जमिनीचे मालक म्हणून बसणार आहोत आणि आसपासच्या काही सोसायट्या तशा बसू शकणार नाहीत, हा फरक मोठा आहे.

म्हणून कमिटीला आणि तरुण सभासदांना एकच विनंती. अभिहस्तांतरणाचा दस्त, सातबारा, मंजूर नकाशे, भोगवटा पत्र, अद्ययावत सभासद नोंदवही, भाग दाखले आणि नामनिर्देशन पत्रे हे सगळे एका फाइलमध्ये, स्कॅन करून दोन ठिकाणी असू द्या. ज्यांनी अजून नॉमिनेशन भरलेले नाही त्यांनी या महिन्यात भरा, फॉर्म ऑफिसात आहेत. रंगकाम दर काही वर्षांनी होते, लिफ्टही बदलता येते. कागद मात्र त्या त्या वेळीच होतात. कोणाला आपला करार वाचून घ्यायचा असेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा मी दुकानात असतो. सभासदांना दलाली नाही.